एकदम मस्त

सकाळी सिस्टर ह्यांच्या हातातून रक्त काढत होत्या आणि हे हसून त्यांना सांगत होते, "एकदम मस्त वाटतंय." माझ्या नवऱ्याची बायपास होऊन थोडेच दिवस झाले होते. अंगात ताप नव्हता, इडलीही संपवली होती. मी निवांत झाले होते.

दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "रक्तातला एक आकडा ऑपरेशननंतर वाढतोच, मग उतरतो. यांचा उतरता उतरता पुन्हा चढलाय. कुठेतरी इन्फेक्शन मूळ धरतंय. ते अंगभर पसरायच्या आत औषध सुरू करू."

मी दाराच्या काचेतून पाहिलं. हे शेजारच्या पेशंटला धीर देत होते.

नोकरी गेली तेव्हाही हे मस्तच होते. पुतणीच्या लग्नात छातीत दुखत असताना पंगतीत जिलबीचा आग्रह करत होते. आपल्याकडे कुणी विचारलं की 'बरं आहे' असंच सांगायचं असतं. समोरच्याच्या जिवाला घोर कशाला? रक्ताला मात्र ही रीत कुणी शिकवलेली नाही. विचारलं की ते खरं सांगून मोकळं होतं. मला त्या छोट्याशा नळीतल्या रक्ताचा हेवाच वाटला.

नवं सलाईन लागलं. तेवढ्यात लेकीचा फोन आला. बाबांचं सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "आणि आई, तू कशी आहेस?"

"मी? एकदम मस्त," मी म्हणाले, आणि माझा मोकळा हात आपसूक दुसऱ्या हाताच्या कोपराकडे गेला, रक्त काढतात तिथली शीर झाकायला.