साहेबांचा वाटा

दामोधर साहेब कोणाच्याही घरी चहा घेत नसत. आग्रह केला की खांद्यावरची पाण्याची बाटली दाखवत. फौजेत जनरल झालेला, परदेशात शांतिसेनेचा प्रमुख राहिलेला हा माणूस निवृत्तीनंतर चामोर्शीजवळच्या आमच्या गावी एकटाच परतला, तेव्हा मला वाटलं, मोठेपणा डोक्यात गेलाय. मी शेजारी, त्यातून शाळामास्तर, विचारल्याशिवाय राहवेना. म्हणाले, "गुरुजी, तिथी दोन टोळ्या एकमेकाच्या जिवावर उठल्या होत्या अन् मी मधात. एकाकडं चाय पेलो का दुसरा म्हणे, हा त्याचा झाला. तवापासून सवयच पडली."

ही सवय गावात महाग पडली. आमच्याकडे तलावात जाळं ओढलं की मासळीचे वाटे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावरच पडतात, घरटी एक. साहेब आले त्या वर्षी त्यांचा वाटा धाकटा भाऊ किसन स्वतः डोक्यावरून घेऊन आला होता.

पुढे तलावावरून वरच्या आणि खालच्या मोहल्ल्यात जुंपली. निवाड्याला अर्थातच साहेब. किसन खालच्या मोहल्ल्यातला. निवाड्याच्या आदल्या दिवशी तो नेहमीसारखा वाटा घेऊन आला आणि साहेबांनी तो वाटा दारातूनच परत पाठवला. निवाडा चोख झाला, दोन्ही मोहल्ले एकत्र जाळं ओढू लागले. पण वाटा परत करणं म्हणजे आमच्याकडे नातं तोडणं. परक्या देशाची भांडणं मिटवणारा माणूस घरचा कायदा विसरला होता. त्यानंतर पाळीवर साहेबांचा वाटा पडला नाही.

तरी जाळ्याच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून पाळीच्या टोकाला उभे राहत. सगळे वाटे उचलले गेले की घरी जात. मला त्यांचा राग येई, आणि वाईटही वाटे. एकदा म्हटलं, किसनशी बोला. तर म्हणाले, "वाटा मांगाचा नसते, गुरुजी. पडला पायजे."

शेवटच्या खेपेला त्यांनी बाटली पाळीवर ठेवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरून जाळ्याला हात लावला. किसननं पाहिलं. वाटा मात्र पडला नाही.

महिन्याभरात साहेब खुर्चीतच गेले. फौजेची गाडी आली, बिगुल वाजला, गाव लांब उभं राहिलं.

पुढच्या जाळ्याला किसननं एक वाटा जास्त मांडला. तो डोक्यावर घेऊन साहेबांच्या कुलूप लागलेल्या दारी आला आणि पायरीवर ठेवून तिथेच बसला. मी म्हटलं, किसनभाऊ, आता हा कोण खाणार?

"राहू द्या, गुरुजी," तो म्हणाला. "आता वापस तर करत नाई."