कासवाच्या घराचं सागवान

आमच्या घरातलं कासव लेकीचं. कॉलेजात असताना तिनं ते सोलापूरच्या माशांच्या दुकानातून आणलं, तेव्हा चहाच्या बशीत मावत होतं. लग्न होऊन ती लातूरला गेली आणि कासव माझ्या गळ्यात पडलं. आता त्याची पाठ ताटलीएवढी झालीय. धाराशिवच्या आमच्या गच्चीवर ते टबात राहायचं, आणि शेजारचा बोका टबाच्या काठावर बसून पंजा मारून बघायचा. परवा कासवाच्या नाकावर ओरखडा दिसला, तेव्हा मी ठरवलं, टबाभोवती जाळीचा पिंजरा करायचा आणि तो स्वतःच करायचा.

नवरा म्हणाला, "टबावर झाकण ठेव की." कासवाला ऊन लागतं हे त्याला सांगून माझं तोंड दुखलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरातल्या कुठल्याही वस्तूवर शेवटचा शब्द माझा, अशी माझी समजूत आहे. जाळी मिळाली होती, अडलं होतं ते चौकटीपाशी. लोखंडी अँगल घेतला तर पाण्यानं गंजणार, आणि आमच्याकडच्या उन्हात त्याला हात लावायची सोय नाही. पीव्हीसी पाइप एका उन्हाळ्यात तडकतो, शिवाय बोक्यानं उडी मारली की सगळंच आडवं. प्लायवूड फुगतं. बाभळीचं लाकूड ओलं मिळतं आणि वाळताना पीळ धरतं. उरलं अॅल्युमिनियम, नाहीतर सागवान.

सागवान घरातच होतं. जिन्याखाली सासऱ्यांची जुनी बाज उभी करून ठेवलेली होती. सासऱ्यांना मी मामा म्हणते. जळकोटचं घर सोडून ते आमच्याकडं राहायला आले तेव्हा भांडीकुंडी भावाला देऊन आले, ही बाज मात्र टेम्पोत घालून आणली. तिची सुतळी कधीच कुजून गेली होती आणि ते झोपायचे लोखंडी पलंगावर. मी नखानं टोकरून पाहिलं. काळं, घट्ट, तेलकट लाकूड. पायांना आडव्या दांड्या बसवायची भोकंसुद्धा तयार. माझ्या तोंडाला पाणीच सुटलं.

मामा चहा पीत होते. मी विचारलं, "मामा, कासवाच्या पिंजऱ्याला अॅल्युमिनियम आणू, का ही बाज घेऊ?"

त्यांनी कप खाली ठेवला. "राहू दे," म्हणाले, आणि पिशवी घेऊन बाजारात गेले.

पाहुण्याला आग्रह करताना, रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून घासाघीस होताना, भांडण मिटवताना, आमच्याकडं सगळीकडं हेच "राहू दे". मी त्याचा अर्थ घेतला, अॅल्युमिनियम राहू दे. ते बाजेबद्दल बोलले असतील हे माझ्या मनात आलंच नाही, असं मला म्हणता येत नाही. सुनेला तोंडावर नको म्हणणं मामांना कधी जमलेलं नाही, हेही मला ठाऊक होतं. पण तोवर करवत हातात आली होती.

बाज नुसती खोलली असती तर पुन्हा ठोकता आली असती. पण चौकट गच्चीवरच्या टाकीशेजारी बसावी म्हणून मी लांब दांड्या मधोमध कापल्या. चौकट अशी गच्च बसली की माझी मीच पाठ थोपटून घेतली.

मामा परत आले ते पिशवीसकट गच्चीवरच.

"कापली व्हय?"

"तुम्हीच राहू दे म्हणालात ना?"

"व्हय, म्हनलो." त्यांनी चौकटीवरून हात फिरवला. "चांगली बसलीय."

तेव्हा मला त्यांच्या पिशवीतून डोकावणारी सुतळीची बंडलं दिसली. कशाला आणली म्हणून विचारलं.

"पोरगी म्हनली हुती फोनवर. बाळंत झाल्यावर शेक आपल्या बाजंवरच घ्यायचा म्हनून."

लेकीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याच घरात होणार. मामांच्या लेकींनी त्याच बाजेवर शेक घेतला होता. खाली निखाऱ्यांची शेगडी आणि सुतळीच्या विणीतून वर येणारी ऊब. आमच्या लोखंडी पलंगावर प्लायवूड ठोकलेलं आहे, त्यातून ऊब वर येत नाही. कासवासाठी लाकूड-लोखंडाचा इतका कीस काढला, आणि पोटच्या पोरीचा विचार मनाला शिवला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मामा, दुसरी बाज आणू आपण," मी म्हणाले. "बघू," म्हणून ते खाली गेले.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. फोन मामांच्या हातात होता आणि मी त्यांच्या खुर्चीमागं.

"आजोबा, बाज विणायला घेतली का?"

"न्हाय माय. वाळवी लागली तिला. म्याच मोडली."

"सागवानाला वाळवी?"

"जुनं झालं की लागती."

लेकीचा चेहरा पडला. मग तिचा आवाज चढला. "मोडायच्या आधी मला विचारायचं तरी होतंत, आजोबा. आत्यांना मिळाली, मलाच नाही."

"चुकलं माय माझं," मामा म्हणाले.

मी हात पुढं केला असता तर फोन माझ्या हातात आला असता. मी खुर्ची धरून उभी राहिले, आणि त्यांनी माफी मागून संपवेपर्यंत गप्प राहिले.