एकशे बारा पावलं

माझे थोरले दीर जन्मभर मोजणी खात्यात होते. बिल्डरने आमच्या वस्तीच्या अर्ध्या मैदानाला पत्रे ठोकले, तेव्हा भाऊजी म्हणाले, "हद्दीचा दगड मीच पुरलाय. तो सापडला की मैदान आपलं."

जाऊबाई म्हणाल्या, "घरात चष्मा सापडत नाही, आणि म्हणे दगड!"

आज नगरपालिकेच्या इंजिनिअरसमोर भाऊजी मैदानाच्या कडेच्या विहिरीपासून पावलं मोजत निघाले. मी देवाचं नाव घेत मागोमाग. पत्रा आडवा आला, तोही त्यांनी काढायला लावला. एकशे बाराव्या पावलावर थांबून म्हणाले, "खणा." तिसऱ्या घावाला कुदळ खणकन वाजली.

संध्याकाळपर्यंत सगळे पत्रे दगडापलीकडे गेले. देवाने लाज राखली. जाऊबाई शेजारणींना सांगत होत्या, "आमच्या ह्यांना बरोब्बर सापडतं हो!"

चष्मा अजून सापडलेला नाही.