मध्येच वाजलेली टाळी

मी पियानो वाजवते. घणसोली गावात आमच्या खालीच घरमालकीण काकी राहतात. एका रचनेतली अवघड जागा मी महिनाभर घोटत होते आणि नेमकी तिथंच अडखळत होते.

नेरूळच्या कार्यक्रमाला काकींना हट्टानं पुढे बसवलं. ती जागा आली, बोटं सुरळीत पार झाली आणि चिडीचूप सभागृहात काकींनी एकटीनं टाळी वाजवली. रचना संपेपर्यंत टाळी वाजवायची नसते, हे पाठ असलेल्या मंडळींनी माना वळवून पाहिलं. पाहू देत. इतक्या वर्षांत इतक्या बरोबर जागी मला कुणी दाद दिली नव्हती.

बाहेर आल्यावर काकी म्हणाल्या, "सुटली बाय एकदाची. आता दुसरं कायतरी घे, आमाला याचा कंटाला आला हाय."