आत्याबाईंनी एसटी अडवली

ताई, आम्ही गुंजवण्याहून निघालो तेव्हा तू टेम्पोमागं वेशीपर्यंत चालत आली होतीस. टेम्पोत भांडीकुंडी, दोन शेळ्या आणि मांडीवर माझी तीन वर्षांची सुमन घेऊन बसलेल्या माझ्या सासूबाई, आत्याबाई. आमची जमीन धरणात गेली होती, तुमची वर राहिली होती. बदल्यात मिळालेली पार पूर्वेला, सपाटीवर होती. आत्याबाई डोंगरावरच्या देवीच्या देवळाकडं बघून एवढंच बोलल्या, "जननीआईला टाकून चाललो आमी. ती सोडायची न्हाई." ते माझ्या पोटात जाऊन बसलं.

नव्या गावात मला सगळ्याचीच भीती वाटायची. नजर अडायला डोंगर नाही. आपल्याकडं एकटी गवताला रानात जाणारी मी, तिथं परसाकडला जाताना दहादा मागं वळून बघायचे. लोक वाईट नव्हते. पण आम्हाला 'धरणवाले' म्हणायचे, आणि मीही कुणाशी ओळख केली नाही.

तिसऱ्या आठवड्यात सुमनला ताप भरला. आमचे हे बियाणं आणायला गेलेले. आत्याबाईंनी अंगारा लावला, नारळ बोलल्या. मी डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाल्या, "ह्यो साधा ताप न्हाई. आईचा कोप हाय." खरं सांगू? मलाही तसंच वाटत होतं. म्हणून मी गप्प बसले. ते गप्प बसणं आजही छळतं.

दुपारी पोरीचे डोळे पांढरे झाले. हातपाय ताठले, दातखीळ बसली. तिला उचलून मी रस्त्याकडं पळाले, पण पुढं कुणीकडं जायचं? दवाखाना डावीकडं की उजवीकडं, कुणाचं दार वाजवायचं, काही ठाऊक नव्हतं. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी नुसती किंचाळत होते.

तेवढ्यात एसटी आली. वेगात होती. आणि ताई, परक्या माणसापुढं पदर ढळू न देणाऱ्या आत्याबाई अनवाणी धावल्या आणि दोन्ही हात पसरून गाडीपुढं उभ्या राहिल्या. करकचून ब्रेक लागला.

"म्हातारे, मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला.

"मला मारा, पर पोरीला दवाखान्यात न्या!"

कंडक्टरनं आम्हाला वर ओढून घेतलं. मधले थांबे न घेता गाडी थेट तालुक्याच्या दवाखान्यापुढं गेली. गाडीतलं कुणी एका शब्दानं कुरकुरलं नाही. वाटेत आकडी थांबली, पण पोरगी निपचित पडली होती. आत्याबाईंनी माझं मनगट घट्ट धरलेलं. "आईचं मी बघून घीन," त्या म्हणाल्या, "तू डाक्टरला समदं सांग. लाजू नको."

डॉक्टर म्हणाले, तापाची आकडी. आणखी उशीर झाला असता तर काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. चौथ्या दिवशी सुमननं पेज मागितली. पुढं महिन्याभरात आत्याबाईंनी आमच्या बांधावर एक दगड मांडला, त्याला शेंदूर लावला. "आली बाई हितं," म्हणाल्या.

मागल्या जत्रेला आम्ही तुझ्याकडं आलो, तेव्हा सुमनचं अंग जरा कढत लागलं. आता ती कॉलेजात जाते, साधीच कसर होती. तू चुलीवर काढा ठेवलास आणि मी तिला आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला पिशवी भरायला लागले.

"आता गं कुठं निघालीस?"

"घरी," मी म्हणाले.

तू चुलीपुढं तशीच थांबलीस. काय बोलले ते मला तुझ्या तोंडाकडं बघितल्यावर कळलं. सपाटीवरच्या त्या गावाला मी पहिल्यांदाच घर म्हणाले होते.