सुकेळी आणि उलट शब्द

आमच्या आगाशीच्या घरात इंग्रजी फक्त मला हवं होतं. बाबांना केळीची वाडी, विहीर आणि रहाटाचा बैल एवढं पुरेसं होतं. आईला अक्षरओळखच नव्हती. मला मात्र मॅट्रिक होऊन शाळेत शिकवायचं होतं, आणि मॅट्रिकच्या वाटेत इंग्रजी आडवं पसरून बसलं होतं.

इंग्रजी शिकवायला शेजारच्या गावातले एक ख्रिस्ती मास्तर सायकलवरून शाळेत यायचे. आवाज मऊ, पण खोड कडक. सुटा शब्द त्यांना चालत नसे. शब्द सांगितला की त्याचा अर्थ आपल्या वाक्यात सांगायचा, मग त्याच अर्थाचे आणखी दोन शब्द, आणि शेवटी उलट शब्द. ‘अबंडंट’ म्हणजे काय, असं विचारल्यावर वर्गातल्या एकीने डिक्शनरीतलं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं, तर मास्तर म्हणाले, “ते पुस्तकाच्या घरचं झालं. तुझ्या घरात काय अबंडंट आहे ते सांग.” मी मनात म्हटलं, आमच्या घरात काम अबंडंट, म्हणजे भरपूर, आणि त्याच्या उलट वेळ स्केअर्स.

ते अगदी खरं होतं. दसरा उलटला की आमच्याकडे सुकेळी घालायला सुरुवात व्हायची. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि अंगणातल्या बांबूच्या उंच माचीवर चटया पसरून उन्हात वाळत ठेवायची. दिवसभर ती परतत राहायची, कावळे हाकलायचे, गांधीलमाश्यांशी भांडायचं आणि ऊन उतरलं की सगळं गोळा करून टोपलीत झाकायचं. चांगली वाळली की केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. हे बायकांचं काम. शाळेतून आले की दप्तर खुंटीला आणि मी माचीपाशी. सुट्टीच्या दिवशी तर सकाळपासूनच.

पण सुकेळ्यांना लागलेले हात पुस्तकाला लावता येत नाहीत. केळ्याचा पाक बोटांना असा चिकटतो की पान उलटायला गेलं तर पानच हातात येईल. म्हणून मी सकाळी चारपाच शब्द डोळ्यांत भरून घ्यायची आणि दिवसभर तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसायची.

आईला ते आवडेना. “काय मंतर घालते त्या केल्यांवर?” ती म्हणाली. “बोलायचं तं मोठ्यान बोल. मना पन ऐकू येव दे.”

मी मोठ्याने म्हणायला लागले. आईने दोन दिवस ऐकून घेतलं आणि मग त्यात स्वतःची शिस्त लावली. ती होतीच तशी; तिच्या हद्दीत आलेलं काहीही अस्ताव्यस्त राहत नसे. केळं चटईवर ठेवताना शब्द आणि त्याचा अर्थ. बोटांनी दाबून सारखं करताना त्याच्या जवळचे शब्द. आणि परतताना उलट शब्द. उलट आला नाही तर केळं परतायचं नाही, हातातच धरून बसायचं. आई ओरडायची, “उलट! उलट बोल!” तिला उत्तर बरोबर की चूक हे कुठून कळणार? पण मी अडखळले की तिला बरोबर समजायचं. म्हणायची, “खोटं बोलताना तुजा हात थांबतो.”

अर्थ मात्र ती मराठीतून विचारून घ्यायची. बऱ्याच शब्दांवर तिचं मत असे. ‘ओबीडियंट’ म्हणजे सांगितलेलं निमूट करणारा, हे ऐकून ती म्हणाली, “म्हंजे आपला बैल.” ‘स्टबर्न’ म्हणजे हट्टी, असं म्हटल्यावर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला हसू आवरेना आणि तिलाही.

एका दुपारी ‘रिलक्टंट’ आला. मी सांगितलं, “म्हणजे नाही असं म्हणायचं नाही, पण मनही नाही. पाय ओढत जायचं.” आईने हातातलं केळं तसंच धरलं. “पुन्हा बोल,” म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. “आनि उलट?” “विलिंग. मनापासून तयार.” तिने केळं सावकाश परतलं आणि पुढचं उचललं. त्या दुपारी तिने कावळ्यांकडेसुद्धा लक्ष दिलं नाही.

मार्गशीर्षात बाबा बाजारातून खुशीत आले. स्थळ चालून आलं होतं. मुलगा मुंबईच्या ऑफिसात, शिकलेला, घरची वाडी. फक्त त्यांना लग्न माघात उरकायचं होतं. माझी परीक्षा मार्चात. माघात लग्न झालं की परीक्षा संपली, शाळा संपली, सगळं संपलं. हे मला कळत होतं. पण बाबांसमोर लग्नाच्या गोष्टीवर तोंड उघडायची आमच्याकडे रीत नव्हती. मुलीची नव्हती, तशी तिच्या आईचीही नव्हती. आईशी बोलायला गेले तर ती म्हणाली, “चटई झाडून घे.” मला तिचा फार राग आला. आठवडाभर मी एक शब्द उच्चारला नाही, इंग्रजी नाही की मराठी नाही.

पाहुणे आले. ओटीवर मुलगा, त्याचे वडील आणि एक काका. बोलायचं सगळं काम काकांकडे होतं. “आमचा पोरगा साहेबाला इंग्रजीत पत्रं लिहितो,” ते म्हणाले. मुलगा लाजला. माणूस वाईट नव्हता. मान खाली घालून बसलेल्या मलाही त्याच्या पायांच्या चाळवाचाळवीवरून एवढं समजलं. मग काकांनी मुहूर्ताची गोष्ट काढली. बाबा अडखळत म्हणाले, “मार्चात तिची परीक्षा...” काका हसले. “परीक्षा देऊन काय करायचंय? आमच्याकडे एक शिकलेला पुरे.” बाबांची मान हलली. “तुम्ही म्हणाल तसं.”

तेवढ्यात आई सुकेळ्यांची बशी घेऊन दारातून बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी येत नसे. बशी मीच आत जाऊन आणायची, असं ठरलं होतं. तिने ती थेट मुलापुढे ठेवली. बशीतलं एक सुकेळं उचललं, हनुवटीने माझ्याकडे दाखवलं आणि स्पष्ट म्हणाली, “रिलक्टंट.”

“काय म्हणाल्या?” काकांनी विचारलं. बाबा आईकडे असे बघत होते, जणू तिच्या अंगात आलंय.

मुलगा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. आणि अगदी हळू, परीक्षकासारखा नव्हे तर खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखा त्याने विचारलं, “आणि उलट?”

आईने सुकेळं परतून बशीत ठेवलं. “विलिंग. ते परीक्षेनंतर.”

चहा झाला. उठताना मुलगा काकांना म्हणाला, “माघात मला रजा मिळणार नाही.” “कालपर्यंत तर मिळत होती!” काका म्हणाले. “काल मिळत होती,” मुलगा म्हणाला आणि चपला घालायला लागला.

ते गेल्यावर बाबांनी आईला विचारलं, काय बोललीस? “सुकेल्यांचं विलायती नाव सांगितलं,” आई म्हणाली आणि आत गेली. बाबांना ते पटलं की नाही, ठाऊक नाही. ते बराच वेळ एक सुकेळं चघळत बसले होते. त्या मुलाकडच्यांना थांबायचं नव्हतं, त्यांनी दुसरीकडे जमवलं. त्या मुलाचे मात्र मी मनातल्या मनात कितीदा आभार मानलेत.

मार्चात मी परीक्षेला बसले. उलट शब्दांच्या प्रश्नाला बाकावर माझा हात आपोआप पालथा पडत होता आणि पर्यवेक्षक दोनदा येऊन माझ्या बाकाखाली बघून गेले. मी पास झाले. पुढे ट्रेनिंग झालं आणि वसईकडच्या एका शाळेत नोकरी लागली.

पहिल्या दिवशी सकाळी आई माझ्यासाठी सुकेळ्यांची पुडी बांधत होती. इतक्या दिवसांचं मनात होतं ते मी विचारलं, “आई, एवढे शब्द मी म्हटले. तुझ्या नेमका तोच कसा ध्यानात राहिला?”

तिने पानाची गाठ आवळली. तिचं माहेर होळी गावचं. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती बैलगाडीतून आगाशीला आली, तेव्हा वाटभर इतकी रडली की गाडीवानच घाबरला, ही गोष्ट ती नेहमी आम्हाला हसवायला सांगायची. त्या सकाळी ती हसली नाही.

“गाडीत बसले तवा मना काय झालं व्हतं, त्याला नाव हाय हे मना ठावकंच नव्हतं,” ती म्हणाली. “तू माचीवर बोलली, तवा कललं.”

मग पुडी माझ्या हातात कोंबून म्हणाली, “जा आता. बस चुकंल.”