डावीकडच्या पंधरा पट्ट्या

फेलिसिदाद टीचरला विचारल्याशिवाय त्या बाजूला कुणी पियानो घेत नसे. मालवणच्या किनाऱ्यावर पियानो घेणारे असे असून असून किती, म्हणून हसू नका! चर्चं आहेत, गोव्याशी सोयरीक असलेली घरं आहेत, आणि हल्ली देवबागेतल्या दोन रिसॉर्टवाल्यांनीही पाहुण्यांपुढे मिरवायला कंटेनरमधून आलेले स्वस्तातले ग्रँड पियानो मांडलेत. हे सगळे आधी टीचरच्या अंगणात यायचे. एकेचाळीस वर्षं चर्चमध्ये पायपेटी वाजवलेली बाई. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

गावच्या चर्चनेही गेल्या वर्षी तसाच एक पियानो घेतला. मडगावच्या गोदामात फादर तिला घेऊन गेले. पाच पियानो ओळीने उभे, एकाच कारखान्यातले, काळेकुळकुळीत. फादर तर पहिल्याच्या झाकणात आपला चेहरा बघून खूश झाले.

"फादर, पॉलिश काय वाजवूचा आसा?" टीचर म्हणाली.

पाचही पियानोंवर तिने तेच एक प्रार्थनागीत वाजवलं. लग्नाला तेच, मयताला तेच. झोपेतून उठवलं तरी वाजवील. मग तिसऱ्याकडे परत आली, पुन्हा वाजवलं आणि मान हलवली. फादरनी निमूट होकार दिला.

त्या पियानोवर शिकायला येई जॉयसी. देवबागेतल्या होमस्टेवाल्यांची मुलगी, वय सोळा. टीचरच्या हाताखाली शिकून गेलेल्यांत अशी बोटं दुसरी नव्हती, आणि हे टीचर तिला सोडून सगळ्यांना सांगायची. पणजीच्या संगीत विद्यालयात तिला प्रवेश हवा होता. त्या परीक्षेसाठी नेमून दिलेली रचना सुरू होत होती डाव्या हाताने, अगदी खालच्या, खोल सुरांवर.

पहिल्याच आठवड्यात जॉयसी म्हणाली, "टीचर, खालचे सूर नीट वाजणत नाय."

"पियानो मी पास केलंय गो. तुझ्या डाव्या हाताक जोर नाय."

झालं! चार महिने डाव्या हाताचे व्यायाम. रबरी चेंडू दाबायचा, तीच ओळ पन्नासदा वाजवायची. सूर धप्प वाजला की टीचरची फूटपट्टी टेबलावर आपटायची. पोरीचं मनगट सुजलं. तिने बाम लावला, वर रुमाल बांधला, पण तक्रार काही पुन्हा केली नाही.

परीक्षेला दहा दिवस उरले तेव्हा वेंगुर्ल्याचा रॉयडन पियानो सुरात लावायला आला. त्याने गाणंबिणं काही वाजवलं नाही. अगदी डाव्या टोकाची पट्टी दाबली, मग तिच्या शेजारची, अशा ओळीने पंधरा पट्ट्या. धप्प, धप्प, धप्प. जणू रिकाम्या पिंपावर कुणी थापा मारतंय. त्याने झाकण उचललं, तारेच्या खुंटीला किल्ली लावली, तर खुंटी नुसत्या दोन बोटांनी फिरली.

"टीचर, लाकूड कच्चा आसा. खुंटी धरणा नाय, मगे तार उतरता. पंधराच्या पंधरा तशे. स्वस्तातल्या मालात एक बरो निघता, एक वायट, म्हणान एकेक पट्टी वाजवून बघूची लागता." मग सहज म्हणाला, "घेताना ह्यो वाजवून बघलास मां?"

टीचरने डाव्या टोकाकडे बघितलं. पायपेटी पाच सप्तकांची. तिचे हात जन्मभर तेवढ्याच मैदानात खेळलेले. गोदामातही ते पायपेटी संपते तिथून मागे फिरले होते. डावीकडे आणखी पंधरा पट्ट्या आहेत हे डोळ्यांना दिसत होतं. दाबून बघाव्यात हे काही सुचलं नव्हतं.

"दोष कारखान्याचो," रॉयडन म्हणाला. "तुमका कोण इचारतलो?"

खरंच, कुणी विचारलं नसतं. रिक्षा करून टीचर भरदुपारी देवबागेत गेली. जॉयसी पाहुण्यांच्या चादरी घडी करत होती.

"माझा चुकला गो," टीचर दारातूनच म्हणाली. "पियानो वायट होतो. मी तुका उगाच छळलंय."

जॉयसीने हातातली चादर खाली ठेवली. आपल्या मनगटाकडे बघितलं.

"मगे माझो हात बरो आसा?"

"बरो आसा. पयल्यापासून बरो होतो."

पोर तोंडावर चादर धरून रडली. टीचरला जवळ जायचं होतं, पण शरमेने ती उंबऱ्यातच उभी राहिली.

रॉयडनने जाड खुंट्या ठोकल्या, खालच्या तारा नव्या घातल्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी काम संपलं. टीचरने टोकापासून एकेक पट्टी स्वतः दाबून बघितली. सूर चर्चच्या भिंतींना लागून परत येत होता. किती दिवसांनी तिला हायसं वाटलं!

"आता वाजव," ती म्हणाली.

जॉयसी बसली. डावा हात उचलला, खाली न्यायला लागली आणि मध्येच थांबली. पहिला खोल सूर तिने एक सप्तक वर वाजवला.

"खालती, गो."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने दात आवळले, कपाळावर घाम आला, पण हात ठरल्यासारखा मागे फिरला.

"हात थंय जाणा नाय, टीचर," ती हळूच म्हणाली. "बोट लावलंय काय तुमची फूटपट्टी आपाटतली, असा वाटता."

टीचर तिच्या डाव्या बाजूला वाकली. पोरीचा हात जिथे थांबला होता ती पट्टी तिने बघितली, आणि ती तिला ओळखता आली. पायपेटी तिथेच संपत होती.